नदी बंद आहे

फोनवर धाकटी बहीण होती आणि ती सांगत होती की आईनं खाणं सोडलंय. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटते, मान भिंतीकडे वळवते. इर्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेरच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत, शांत, गोड, किंचित वरच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "आपली अडचण आम्ही समजू शकतो."

पलीकडे नुसती खरखर. मग आउने हळूच म्हणाली, "इर्या, मी बोलतेय. तुझी बहीण."

 वाक्य इर्याच्या तोंडून निघालं होतं, पण ते म्हणायचं तिनं ठरवलं नव्हतं. उचकी लागावी तसं ते आपोआप आलं होतं. तिनं घशाला हात लावून पाहिला. घसा तिचाच होता. मार्चअखेरीला साथीच्या भीतीनं राज्यानं सगळी मासेमारी आणि शिकार बंद केली, तेव्हापासून ऑलिम्पियातल्या या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कानाला यंत्र लावून ती मासेमारी-शिकार खात्याचे फोन घेत होती. माणसं विचारत आणि ती सांगे. नदी बंद आहे. तळी बंद आहेत. हो, टर्कीची शिकारही. नाही, एकट्यानं गेलात तरी नाही. हा निर्णय सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आहे. कुणी शिव्या घालत. एक माणूस रडला होता. एका म्हातारीनं विचारलं होतं, गळ न लावता नुसती दोरी पाण्यात टाकून बसले तर चालेल का गं पोरी? त्या दिवशी इर्या यंत्र बंद करून हसली होती आणि हसता हसता तिला आपल्या बापाची आठवण झाली होती. एइनो कांगास हे ऐकून काय म्हणाला असता? त्यानं पाइप दातात धरून खिडकीतून कोलंबिया नदीच्या त्या मैलभर रुंद, तपकिरी पाण्याकडे पाहिलं असतं आणि विचारलं असतं, कशी काय बंद केली? बूच कुठे लावलं?

पण तोवर तिला हे सगळं पटलेलं होतं, हेही खरं. लोक मरत होते. ज्यांना कळत होतं त्यांनी ठरवलं होतं, आणि आपण फक्त निरोप पोचवणाऱ्या. निरोप पोचवता पोचवता तो आपल्या आत कधी मुक्कामाला आला हे मात्र तिला आत्ता, या क्षणी कळलं, आणि कळल्याबरोबर ती चिडली. आउनेवर नाही, आईवर नाही. त्या गोड आवाजावर.

"ऐक," ती म्हणाली. "तिला काय हवंय?"

"तुला माहीत नाही? एप्रिल चाललाय."

माहीत होतं. दर वर्षी समुद्रातून वसंतातला पहिला सॅमन नदीत चढला की आई त्याचा मोयक्का करायची, म्हणजे दाट रस्सा. बटाटे, कांदा, दूध, वर मिरीचे चार दाणे, आणि लोण्याचा तवंग. तोवर तिच्या लेखी हिवाळा संपायचा नाही. आल्डर स्लू गावातल्या वृद्धाश्रमात गेल्यावरही हे चुकलं नव्हतं. तिथल्या स्वयंपाकघरात आउनेच कामाला होती, आणि एप्रिलात कुणी ना कुणी मागच्या दारी मासा आणून देई.

"पेटीतला केला होता मी," आउने म्हणाली. "फ्रीझरमधला. एक घास घेतला आणि थुंकली. म्हणते, हा टबात वाढलाय, याला नदी माहीत नाही. तेव्हापासून काहीच नाही. डॉक्टर म्हणाला, या वयात असं होतं. एकटेपणानं होतं. आता काचेपलीकडून माणसं बघायची म्हटल्यावर..."

"मी आणते."

"काय आणतेस?"

"मासा. शनिवारी येते."

"तू?" आउने हसली, ते हसू चांगलं नव्हतं. "आख्ख्या राज्याला नको म्हणून सांगणारी तू? आणि शहरातून इथे येणार? इर्या, रस्त्याच्या तोंडाशी फळी लावलीय आम्ही, बघितलीस का? घरी जा, एवढंच लिहिलंय तिच्यावर. मार्चमधला तो ऊन पडलेला रविवार. धक्क्यावर गाड्याच गाड्या, सगळ्या तुमच्या तिकडच्या. सगळे केर्तूच्या दुकानात शिरले, तिचाच संडास, तिचीच कॉफी. केर्तू गेली. माहितेय ना तुला? तिला पुरायला आम्ही चौघं होतो, तीही एकमेकांपासून लांब लांब उभी."

"माहितेय."

"मग? माझ्या स्वयंपाकघराच्या पलीकडे अठरा म्हातारी माणसं आहेत. तू आलीस तर मी स्वतः तुमच्या खात्याच्या वॉर्डनला फोन करेन. खरंच करेन."

"कर," इर्या म्हणाली, आणि आपला तो जुना, गावातला, खरखरीत आवाज ऐकून तिला बरं वाटलं.

गळाच्या काठ्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे होत्या. बाहेर काढताना एकीच्या टोकाची घंटी किणकिणली. ती काठी हातात धरून इर्या बराच वेळ पलंगावर बसून राहिली. आउने खोटं बोलत नव्हती. केर्तूच्या दुकानात इर्यानं लहानपणी उधारीवर गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि ती बाई आता नव्हती. म्हणजे बंदी खरी होती, भीती खरी होती. मग आपल्या आत हे जे उभं राहिलंय ते काय? नुसता हट्ट? तिनं स्वतःला फोनवरच्या माणसासारखं उलटसुलट तपासलं. खाली कोपऱ्यावर दारूचं दुकान उघडं होतं. मोठ्या बाजारात माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून पिठाच्या पिशव्या ओढत होती. ते चाललं होतं, कारण त्याला जगण्याला आवश्यक म्हणायचं असं कुणीतरी ठरवलं होतं. आणि एका बाईनं आपल्या बापाच्या शेताच्या कडेला, मैलभरात माणूस नसताना, पाण्यात दोरी टाकून बसणं आवश्यक नव्हतं. ठरवणाऱ्यानं आईला विचारलं नव्हतं. आईला कुणीच काही विचारत नव्हतं, ती ओठ मिटून उत्तर देत होती, आणि डॉक्टर म्हणत होता, या वयात असं होतं.

आई अशी म्हातारी होऊन भिंतीकडे मान वळवील हे इर्याला पटतच नव्हतं. बाप गेला तो ऑक्टोबर तिला लख्ख आठवत होता. पुरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलेलं, सगळ्या काळ्या कपड्यांत, टेबलावर वेलदोड्याच्या पावाच्या वेण्या, कॉफीची किटली उतरत नव्हती, आणि आई कुठेच नव्हती. पाद्र्याची बायको कुजबुजत होती. इर्या तेव्हा तरुण होती, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुपार कलल्यावर होडी धक्क्याला लागली. आई उतरली ती कालच्याच काळ्या मोज्यांत, वर बापाचं रबरी जॅकेट, दोन्ही हातांत मासे, खवले पार कोपरापर्यंत. इर्या धावत खाली गेली आणि रडत रडत म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" सायमा कांगासनं मासे तिच्या हातात दिले. "लोक?" ती म्हणाली. "लोक जेवतील." आणि खरंच जेवले. पाद्र्याची बायको दोनदा वाढून घेऊन जेवली. त्या संध्याकाळी बाप गेल्यावर पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं. इर्याला त्या हसण्याचा तेव्हा राग आला होता. आता कपाटासमोर बसून तिला वाटलं, की शोक असाच करायचा असतो हे आईला त्या वेळी ठाऊक होतं आणि आपल्याला ते कळायला आत्तापर्यंत वेळ लागला.

शनिवारी उजाडता उजाडता ती निघाली. पेट्रोल आदल्या दिवशीच भरलेलं, कॉफी थर्मासमध्ये, पाव घरचा. गावात कशालाही हात लावायचा नाही, कुणाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हे तिनं स्वतःसाठी ठरवलं होतं. हा नियम कुणी केला नव्हता, तिचा तिनं केला होता, आणि तो ती जिवापाड पाळणार होती. रस्त्याच्या तोंडाशी फळी होती. घरी जा. अक्षरं आउनेच्याच वळणाची वाटली. "घरीच चाललेय," इर्या फळीला म्हणाली आणि पुढे गेली.

धक्क्यावर सिमेंटचे ठोकळे टाकले होते. तिला धक्का नकोच होता. बापाचं शेत आता दुसऱ्यांचं होतं, पण जाळी ठेवायची ती खोपी अजून तिरकी उभी होती, आणि तिच्यामागून आल्डरच्या झाडीतली वाट सरळ पाण्यावर उतरत होती. ओहोटी नुकती लागली होती. तिनं शिसं बांधलं, फिरणारा लाल-हिरवा भोवरा लावला, उलटा काटा घासून काढलेला गळ लावला आणि जोर लावून दोरी फेकली. शिसं तळाला बसल्याचं बोटांना कळलं. काठी खोबणीत उभी केली, टोकाला घंटी अडकवली आणि ती ओंडक्यावर बसली.

नदी जशी होती तशीच होती. ही एवढी साधी गोष्ट छातीत अशी येऊन बसेल असं तिला वाटलं नव्हतं. गेले काही आठवडे सगळ्या जगाचा आवाज तिच्या कानातल्या यंत्रातून आला होता, चपटा, घशातून घशात. इथे पाण्याला वास होता, चिखल, सडकी पानं, दूरचं मीठ. हातांना गारठा होता. इतके दिवस हात नुसते धुतले जात होते, त्यांना दुसरं कामच नव्हतं. मधल्या खोल पाण्यातून एक अजस्र मालवाहू जहाज वर चाललं होतं, कुठल्या कुठल्या देशांचं, त्याच्या कठड्याशी टेकून दोन माणसं सिगरेट ओढत होती. एकानं तिला हात केला. तिनंही केला. हे चालतं, तिच्या मनात आलं, आणि मी चालत नाही. पण त्यात आता कडूपणा नव्हता, नुसती एक कडक मजा होती, दात शिवशिवावेत तशी. पुढे खात्यानं चौकशीला बोलावलं तेव्हा समोरच्या सभ्य माणसानं तिला विचारलं होतं, त्या दिवशी तुमचं मन थाऱ्यावर नव्हतं असं आपण म्हणू या का? त्याला तिची नोकरी वाचवायची होती, बिचारा. तिनं सांगितलं, तसं कृपा करून म्हणू नका, त्या दिवसाइतकं माझं मन कधीच थाऱ्यावर नव्हतं. नोकरी गेली. पण ते पुढचं.

घंटी वाजली तेव्हा ती पाव खात होती. पाव चिखलात पडला. काठी कमान होऊन पाण्याकडे ओढली जात होती, चरखी किंचाळत होती, आणि अठ्ठावन्न वर्षांची ती बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून बापाकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या एकामागोमाग देत होती. मासा दोनदा हाताशी आला आणि दोनदा गेला. शेवटी हातजाळ्यात आला तेव्हा तिनं त्याला पाण्यातच धरलं, कुशीवर वळवलं आणि पाठीवर, शेपटीच्या अलीकडे बघितलं. तिथे तो लहानसा मांसल पंख होता. अख्खा. म्हणजे हा हौदात जन्मलेला नव्हता, हौदातल्यांचा तो पंख पिल्लू असतानाच, नदीत सोडण्यापूर्वी, कापतात. हा नदीचा होता, आणि नदीचा मासा ठेवायचा नाही, हा नियम या रोगाच्या कितीतरी आधीचा. ते उरलेतच कमी.

कुणी बघत नव्हतं. ती आधीच गुन्हेगार होती, एक काय आणि दोन काय. आईचे मिटलेले ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. मासा तिच्या तळहातांत धडधडत होता, चांदीसारखा, बाहेरून गार आणि आतून जोर लावणारा. तिनं गळ सोडवला आणि हात उघडले. तो क्षणभर तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका तिच्या तोंडावर पाणी उडवून गेला. "जा, मेल्या," इर्या म्हणाली.  हे असं आहे तर, तिला वाटलं. मला नियम नको आहेत असं नाहीच. हा नियम कशासाठी आहे ते मला माहीत आहे, तो या माशाच्या पाठीवर दिसतो. तो मी उपाशी आईसमोरही पाळेन. पण दुसरा, ही बंदी, मी पाळणार नाही, आणि कुणी विचारलं तर लपवणारही नाही.

दुसरा मासा यायला ओहोटी पार उतरत आली. त्याचा पंख कापलेला होता, हौदात जन्मलेला, पण समुद्र बघून नदीत परतलेला. इर्यानं त्याच्या डोक्यावर दांडूचा एक नेमका घाव घातला, त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि गाडी सरळ वृद्धाश्रमाकडे घेतली.

आईची खोली मागच्या हिरवळीकडे होती. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, हनुवटी छातीवर, स्वेटर अंगावर टांगल्यासारखा. इर्यानं काचेवर टकटक केली. आईनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात ओळख होती पण उत्साह नव्हता. इतके दिवस काचेपलीकडे येणारी माणसं हात हलवत आणि जात. इर्यानं हात हलवला नाही. तिनं पोतं उलगडलं, कल्ल्यात दोन बोटं घालून मासा उचलला आणि काचेला लावला.

आईनं मासा पाहिला. डोक्यापासून शेपटीपर्यंत, मग परत डोक्यापर्यंत. मग तिची भुवई चढली. तिनं एक बोट उचललं आणि स्वतःच्या पोटावरून खालून वर ओढलं, रागानं. अजून साफ नाही केलास?

"आत्ता आणलाय, आई!" इर्या ओरडली.

आईनं बोट पुन्हा ओढलं. मग इर्या तिथेच, खिडकीखालच्या गवतावर, गुडघ्यांवर बसली आणि तिनं चाकू काढला. आईनं काचेवर ठोकलं. तिथून नाही, खालून. आणखी खाली. वरवर, आत घालू नकोस. लहानपणी आईचा हात तिच्या हातावर असायचा, आता मध्ये काच होती, पण चाकू त्याच जागी लागला आणि पोट उघडलं. गाभोळी बाहेर आली, नारिंगी, भरगच्च, उन्हात चमकणारी. काचेवर ठोकणं थांबलं. इर्यानं वर पाहिलं. आई पुढे वाकली होती, कपाळ काचेला टेकलेलं, आणि तिचं तोंड हलत होतं. शेजारच्या खिडकीत एक म्हातारा येऊन उभा होता. त्याच्या पलीकडे आणखी एक बाई. मग सगळ्या ओळीत चेहरे. कुणीतरी काच ठोकली, मग दुसऱ्यानं. म्हातारी बोटं, अंगठ्या, कुबडीची मूठ, सगळं काचांवर वाजू लागलं.

स्वयंपाकघराचं मागचं दार धाडकन उघडलं. आउने, तोंडावर पट्टी, डोळे लाल.

"वेड लागलंय तुला? आत काय चाललंय माहितेय? सगळी उठलीत जागची!"

"बरं झालं."

"बरं झालं म्हणे! मी फोन केलाय वॉर्डनला. सकाळीच. तुझी गाडी खोपीजवळ दिसली तेव्हाच केला."

"बरं केलंस. करेन म्हणाली होतीस."

 आउनेच्या मागे आत काचा वाजत होत्या. तिनं मान वळवून आईच्या खिडकीकडे पाहिलं, मग माशाकडे, आणि इर्याला दिसलं की बहिणीचा राग ओसरला नाहीये, कणभरही नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलंय आणि दोघांना एकाच अंगात जागा करून घ्यावी लागतेय. ती आत गेली. मोठं पातेलं घेऊन बाहेर आली, पायरीवर ठेवलं, आणि मागे सरकली.

"अर्धा त्यात टाक. आणि लांब हो. आणखी लांब. तुझा चाकूही नको मला." आणि पातेलं उचलता उचलता, "बटाटे सोललेलेच आहेत. रोज सोलून ठेवते मी, मूर्खासारखी."

वॉर्डनची गाडी आली तेव्हा हिरवळीवर लोण्याचा आणि दुधाचा वास उतरला होता. तिशीतला, हडकुळा माणूस, पट्टी आणि टोपी यांच्यामध्ये फक्त डोळे. तो बराच लांब थांबला.

"इर्या कांगास? तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय."

"तू एगेलँडांचा ना? तुझ्या आजोबांची होडी आमच्याच धक्क्याला असायची."

"हो. पण बाई, मासेमारी बंद आहे. तुम्हाला ते ठाऊक नाही असं तर तुम्ही म्हणू शकत नाही."

"नाही म्हणत. मी गेले होते. मुद्दाम गेले होते. एक सोडला, एक ठेवला."

त्यानं मान खाली घातली. तिनं खोटं बोलावं अशी त्याला आशा असावी. "मासा जप्त करावा लागेल," तो म्हणाला.

"कर. अर्धा त्या पोत्यात आहे. आणि अर्धा तिथे."

तो वळला. खिडकीत आउने वाकली होती, हातात वाटी. चमचा आईच्या तोंडाशी गेला. ओठ मिटलेलेच.  मग सायमा कांगासनं वाटी आउनेच्या हातातून काढून घेतली, मांडीवर ठेवली, चमचाही काढून घेतला, आणि आपल्या हातानं, सावकाश, सांडत, खायला लागली. वॉर्डन एक पाऊल पुढे सरकला, तसं तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो गणवेश तिनं नीट न्याहाळला. मग डावा हात वाटीभोवती कुंपणासारखा घातला आणि त्याच्यावरची नजर न काढता दुसरा घास घेतला.

"तिचं खाऊन होईपर्यंत थांब," इर्या म्हणाली. "मग काय लिहायचं ते लिही. मी कुठे जात नाही."

तो थांबला. दोघं लांब लांब उभी राहून काचेकडे बघत होती. आतली बाई खात होती, दातांतून एक काटा काढून तिनं खिडकीच्या कडेवर ठेवला, आणखी खाल्लं, वाटी तिरकी करून शेवटचं दूध प्यायली आणि मनगटानं तोंड पुसलं. वॉर्डननं खिशातून पेन काढलं. तेवढ्यात आईनं रिकामी वाटी आउनेसमोर धरली आणि चमच्यानं तिच्या काठावर दोनदा वाजवलं.

"आता आणखी थांबावं लागेल," इर्या म्हणाली. "ती परत मागतेय."